क्लासिकल लिबरल आर्ट्सच्या शिक्षक-कार्यशाळेला पहिल्यांदा जाताना

क्लासिकल पद्धतीच्या, म्हणजे ग्रीक-रोमन परंपरेतल्या विद्या आणि मूळ ग्रंथांवर चालणाऱ्या शाळेत नवी नोकरी लागली की पहिल्याच मोठ्या सुट्टीत मुख्याध्यापक सुचवतात, "एखादी कार्यशाळा करून या." मग माहितीपत्रकं चाळायची वेळ येते. वर ग्रीक खांब, आत सत्य-शिव-सुंदराची भाषा, शेवटी शुल्काचा आकडा. तिथे जाऊन रोज नेमकं काय करायचं, हे मात्र बऱ्याचदा शोधूनही सापडत नाही.

हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. कार्यशाळा कशी निवडायची, जाण्याआधी काय वाचायचं, तिथे कसं बसायचं-बोलायचं आणि परत आल्यावर वर्गात काय करून बघायचं, या क्रमाने. माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे शिक्षकाला पुन्हा विद्यार्थी करून बसवतात, मजकूर समोर ठेवतात, खडू हातात देऊन फळ्यापाशी उभं करतात, तिथेच सुट्टी आणि पैसे खर्च करावेत. प्रश्न विचारून शिकवण्याच्या पद्धतीवर दोन तासांचं सलग व्याख्यान, हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो, पण सर्रास चालतो.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

लिबरल आर्ट्स म्हणजे मुळात सात विद्या. शब्दांच्या तीन: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. यांना मिळून ट्रिव्हियम म्हणतात. संख्या आणि मापांच्या चार: अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. हे क्वाड्रिव्हियम. सातांची ही यादी पाचव्या शतकातला लॅटिन लेखक मार्शियानस कपेला याच्या ग्रंथातून मध्ययुगीन युरोपात रुळली. संगीत गणिताच्या रांगेत का, असा प्रश्न पडला असेल तर तो तसाच सोबत न्या. चांगल्या कार्यशाळेत त्याचं उत्तर तुम्हाला हाताने काढायला लावतात.

दुसरी गोष्ट इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या भाषणाची. १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये त्यांनी मांडलं की ट्रिव्हियमच्या तीन विद्या मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जुळतात: लहानपणी पाठांतराची हौस, मग वाद घालण्याचं वय, मग स्वतःला व्यक्त करण्याचं. अमेरिकेत गेल्या काही दशकांत ज्या क्लासिकल शाळा निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच शाळांनी प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांची रचना यावरच केली. कल्पना उपयोगी आहे. पण मध्ययुगात व्याकरण, तर्क, वक्तृत्व हे अभ्यासाचे विषय होते, वयाचे टप्पे नव्हते. या दोन गोष्टींची गल्लत करणारी कार्यशाळा तुम्हाला 'तिसरीची मुलं प्रश्न विचारण्याच्या वयाची नसतात' असलं काहीतरी शिकवून पाठवेल. तिसरीच्या वर्गात अर्धा तास घालवलेला कोणीही माणूस यावर हसेल.

तिसरी गोष्ट अमेरिकन तत्त्वज्ञ मॉर्टिमर ॲडलर यांच्या मांडणीतली. १९८२ मध्ये आलेल्या पायडिया या शाळासुधारणेच्या योजनेत त्यांनी शिकवण्याचे तीन प्रकार वेगळे केले: माहिती देणं, कौशल्याचा सराव करून घेणं आणि प्रश्नांतून समज वाढवणारी चर्चा. तिन्ही लागतात. कुठली कार्यशाळा यांतल्या कशासाठी आहे हे ओळखता आलं की निवड निम्मी झाली. पाढे पक्के करून घेण्याचं तंत्र शिकायचं असेल आणि तुम्ही चर्चासत्राच्या कार्यशाळेत जाऊन बसलात, तर दोष कार्यशाळेचा नाही.

निवड

ढोबळमानाने चार तऱ्हा दिसतात. पहिली, ग्रंथ वाचून त्यावर चर्चासत्र. दुसरी, चर्चा चालवण्याचं प्रशिक्षण. तिसरी, एका विषयाची: लॅटिन, युक्लिडची भूमिती, वक्तृत्वाचे सराव, निसर्गनिरीक्षण. चौथी म्हणजे परिषद, जिथे शेकडो लोक जमतात, भाषणं ऐकतात, चहाच्या वेळी ओळखी करून घेतात. परिषदेला नावं ठेवत नाही, एकट्या पडलेल्या शिक्षकाला तिथे सोबती मिळतात. फक्त तिला कार्यशाळा समजून जाऊ नका.

काही नावं ओळखीची असलेली बरी. अमेरिकेतल्या सेंट जॉन्स कॉलेजच्या ॲनापोलिस आणि सँटा फे इथल्या आवारांत १९३७ साली सुरू झालेला मूळ ग्रंथांचा अभ्यासक्रम चालतो (सँटा फेचं आवार पुढे १९६४ मध्ये आलं). तिथे प्राध्यापक नसतात, ट्यूटर असतात; पाठ्यपुस्तकाऐवजी युक्लिड आणि प्लेटो असतात. शिक्षक, पदवीधर आणि हौशी वाचकांनाही तिथल्या उन्हाळी वर्गांना जाता येतं. ग्रेट बुक्स फाउंडेशन ही संस्था १९४७ पासून आहे, आणि एकत्र वाचून प्रश्नांवर चर्चा करण्याचं तिचं प्रशिक्षण शाळांमध्ये बरंच पसरलं आहे. फिलिप्स एक्सेटर ॲकॅडमी या अमेरिकन शाळेत १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलांना बसवून शिकवण्याची पद्धत सुरू झाली. हार्कनेस टेबल हे नाव तिथूनच आलं. सर्सी इन्स्टिट्यूटसारख्या संस्था शिक्षकांसाठी शिकाऊ उमेदवारीसारखं लांबलचक प्रशिक्षणही चालवतात. या यादीत शिफारस अशी नाही, ही नावं संभाषणात येतील तेव्हा गोंधळ होऊ नये एवढंच.

एक बाब स्पष्ट विचारून घ्यावी. या क्षेत्रातल्या बऱ्याच संस्था ख्रिस्ती आहेत, काही प्रोटेस्टंट, काही कॅथलिक, आणि त्यांच्या कार्यशाळेत प्रार्थना व धर्मविचार हा मूळ भाग असतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या चार्टर शाळांतही क्लासिकल शाळा आहेत, पण त्यांना धर्मशिक्षण देता येत नाही. तुमची शाळा यांतल्या कुठल्या प्रकारची आहे आणि तुम्हाला स्वतःला काय चालेल, हे नोंदणीआधी ठरवलेलं बरं. तिथे जाऊन अवघडून बसण्यात कोणाचाच फायदा नाही.

मग आयोजकांना पत्र लिहा आणि रोजचं वेळापत्रक मागवा. माहितीपत्रकापेक्षा वेळापत्रक खरं बोलतं. त्यात पाहायचं काय?

दिवसाच्या तासांपैकी किती वेळ सहभागी शिक्षक स्वतः वाचणार, बोलणार, सोडवणार आहेत. निम्म्याहून कमी असेल तर मी जाणार नाही. एका गटात किती जण असतील. बारा-पंधराच्या पुढे गेलं की चर्चा मरते आणि सभा सुरू होते. मजकूर आधी पाठवणार का. शिकवणारे लोक सध्या वर्गावर जातात का, आणि कुठल्या इयत्तांना, दहा वर्षांपूर्वी वर्ग सोडलेला सल्लागार हुशार असू शकतो, पण सातवीच्या मुलाने "हे परीक्षेत येणार का?" असं विचारल्यावर काय करायचं हे त्याच्या बोटांवर राहिलेलं नसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सहभागी शिक्षकाला स्वतः एखादं सत्र चालवून दाखवायची संधी आहे का, ते पाहून कोणी त्याला काही सांगणार आहे का.

पैशांबद्दल थोडक्यात. शुल्कात राहणं-जेवण आहे की नाही ते वाचा, शाळा किती भरेल ते लेखी घ्या. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवाना नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे तास दाखवावे लागतात. आयोजकांचं प्रमाणपत्र तुमच्या राज्यात चालतं का हे नंतर नाही, आधी विचारा.

वाचून जा, पण कसं

मजकूर हातात आला की पहिलं वाचन सलग करा. पेन्सिल न घेता. अडलं तरी पुढे जा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि जिथे तुम्हाला खरोखर काहीतरी खटकलं, तिथेच खूण करा. सुंदर वाक्यांखाली रेघा मारत सुटू नका. प्रस्तावना, टीपा, कोणीतरी लिहिलेला सारांश हे सगळं बाजूला. तुमच्या वाट्याचा गोंधळ दुसऱ्याने आधीच आवरून ठेवला तर टेबलावर आणायला तुमच्याकडे काही उरत नाही.

सांगितलेली आवृत्तीच घ्या. ती मिळाली नाही तर निदान समासात जुने क्रमांक छापलेले असलेली घ्या. प्लेटोच्या संवादांच्या कडेला ८२ब, ८५क असे आकडे दिसतात, ते १५७८ साली आंरी एस्तिएन याने छापलेल्या आवृत्तीच्या पानांचे आहेत. ॲरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बेकर आवृत्तीचे क्रमांक चालतात. दहा जणांकडे पाच वेगवेगळी भाषांतरं असली तरी "८४अ पाहा" म्हटलं की सगळे एका ओळीवर येतात. हे न कळल्यामुळे पहिल्या दिवशी पानं उलटण्यात वीस मिनिटं गेलेली मी पाहिली आहेत.

आता प्रश्न. जाताना एक लिहून न्या. एकच, पण घासून-पुसून घेतलेला. इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी पद्धत या एका कौशल्यावर उभी आहे.

समजा मजकूर आहे प्लेटोचा 'मेनो'. नव्या शिक्षकांना बऱ्याचदा हाच देतात, आणि ते बरोबरच आहे, कारण सद्गुण शिकवता येतो का हाच त्याचा विषय. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमितीचा प्रश्न घालतो. दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. चार फूट बाजू, क्षेत्रफळ सोळा. फार मोठं झालं. मग तो तीन म्हणतो. नऊ झाले, तरी जास्तच, कारण हवे आहेत आठ. इथे मुलगा थांबतो आणि मला माहीत नाही असं कबूल करतो. मग सॉक्रेटिस कर्ण घेऊन नवा चौरस उभा करतो आणि उत्तर मिळतं. मी याला काही शिकवत नाही, नुसतं विचारतो आहे, असं तो मधेमधे मेनोला, म्हणजे ज्याच्याशी हा संवाद चालू आहे त्याला, बजावत असतो.

यावर नवे शिक्षक आणतात तो प्रश्न साधारण असा असतो: "सॉक्रेटिसच्या पद्धतीचं आजच्या वर्गात काय महत्त्व आहे?" हा प्रश्न मजकूर न उघडताही सोडवता येतो. म्हणून तो नापास. दुसरा एक प्रकार: "मुलगा किती वेळा चुकतो?" दोनदा. संपलं. हाही नापास.

आता हा बघा: "कर्णाची रेघ आधी कोण दाखवतं, मुलगा की सॉक्रेटिस?" उत्तरासाठी पुस्तक उघडावंच लागतं. ८४इ आणि ८५अ च्या आसपास नीट वाचलं की दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेघेची गोष्ट सॉक्रेटिसच काढतो. मग तो 'शिकवत नाही' म्हणतो ते कसं? कोणी म्हणेल, रेघ दाखवली पण ती का बरोबर हे मुलानेच पाहिलं. कोणी म्हणेल, ही सरळसरळ लबाडी आहे. तिसरा विचारेल, मग शिकवणं म्हणजे नेमकं काय? अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

प्रश्न तपासायची माझी कसोटी तीन अंगांची आहे. मजकुरावर बोट ठेवून उत्तर देता यायला हवं. एकाहून जास्त उत्तरं मजकुराच्या आधाराने टिकायला हवीत. आणि विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसावं, निदान पक्कं माहीत नसावं. तिसरी अट शिक्षकांना जड जाते. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारण्यातच आपला नोकरीतला वेळ जातो, आणि मुलांना ते लगेच ओळखू येतात.

तिथे गेल्यावर

पहिल्या सत्रात बहुधा गोल किंवा लंबगोल बैठक असेल. चर्चेचा चालक एक प्रश्न विचारेल आणि गप्प बसेल. सेंट जॉन्सच्या रिवाजानुसार चालणाऱ्या सत्रात सगळे एकमेकांना मिस्टर किंवा मिस लावून आडनावाने बोलावतात, चालकालाही तसंच. पहिल्या दहा मिनिटांत हे नाटकी वाटतं. नंतर त्याचा उपयोग कळतो: वाद व्यक्तीशी न होता म्हणण्याशी होतो.

नियम सगळीकडे साधारण तेच. बोलायचं ते मजकुराच्या आधाराने. बाहेरचा मोठा ग्रंथकार मदतीला आणायचा नाही. बोलणं एकमेकांशी करायचं, चालकाकडे बघून नाही. कळलं नाही तर "पुन्हा सांगता का?" असं विचारायचं.

शिक्षक विद्यार्थी म्हणून भलतेच कठीण असतात. त्यांना गप्प बसवत नाही, आणि दुसऱ्याचं वाक्य अर्धं असतानाच ते पूर्ण करून द्यायची सवय असते. "मी माझ्या वर्गात हे असं करते" हे वाक्य सुरू झालं की चर्चा मजकुरातून उठून शिक्षकांच्या खोलीत गेली असं समजा. तसं बोलायला संध्याकाळी भरपूर वेळ असतो. शांतता पसरली तर पसरू द्या. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचा अभ्यास करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली तरी मुलांची उत्तरं मोठी होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. उत्तर आल्यानंतरही तेवढंच थांबायचं, हा त्यांच्या सांगण्यातला दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कोणी पाळत नाही. टेबलापाशी बसून तीन सेकंद मनात मोजून बघा, किती लांब वाटतात ते.

युक्लिडच्या सत्राची भीती भाषा-इतिहासाच्या शिक्षकांना फार असते. ती अनाठायी आहे. पहिल्या पुस्तकातली पहिली प्रतिज्ञा बहुतेक ठिकाणी सुरुवातीला असते: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण रचा. एकाला फळ्यापाशी बोलावतात. हातात टिपण नाही. तो एबी रेषाखंड काढतो. ए केंद्र धरून बीमधून जाणारं वर्तुळ; तिसऱ्या गृहीतकाने ते काढता येतं. बी केंद्र धरून एमधून जाणारं दुसरं वर्तुळ. दोन्ही जिथे छेदतात तो सी. पहिल्या गृहीतकाने सीए आणि सीबी जोडा. एकाच वर्तुळाच्या त्रिज्या सारख्या, म्हणून एसी आणि एबी सारखे. तसेच बीसी आणि बीए. एकाच वस्तूएवढ्या असलेल्या वस्तू परस्परांएवढ्या, म्हणून तिन्ही बाजू सारख्या. सगळे माना डोलावतात.

मग मागून कोणीतरी विचारतं, "ही दोन वर्तुळं छेदतात हे कशावरून?"

आकृतीत दिसतंय की, असं उत्तर येतं. पण युक्लिडच्या पाच गृहीतकांत आणि सामान्य तत्त्वांत असं कुठेही लिहिलेलं नाही. ही उणीव गणितात प्रसिद्ध आहे, आणि दोन हजार वर्षं वाचलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर ती बसलेली आहे. डोळ्यांनी दिसणं आणि सिद्ध होणं यांतला फरक शिकवायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. गणिताच्या शिक्षकाला ही गोष्ट आधी माहीत असली तर त्याने तोंड मिटून बसावं, म्हणजे इतरांना ती सापडेल.

वक्तृत्वाच्या कार्यशाळेत प्रोजिम्नास्माटा हा लांबलचक शब्द भेटेल. चौथ्या शतकातला ग्रीक वक्तृत्व-शिक्षक ॲफ्थोनियस याने घालून दिलेले हे चौदा लेखन-सराव: नीतिकथेपासून सुरुवात, मग प्रसंगकथन, मग एखाद्या थोराचं वचन घेऊन त्याचा विस्तार, पुढे खंडन, समर्थन, स्तुती, निंदा, तुलना, वर्णन, असं करत शेवटी कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मांडणी. यादी पाठ करण्यात अर्थ नाही. पहिलाच सराव मन लावून करा. चार ओळींची नीतिकथा दोन ओळींत आणा, मग तीच दीड पानांची करा, मग कोल्ह्याच्या तोंडून सांगा. लहान करताना काय गळलं आणि मोठी करताना काय घालावं लागलं, हे शेजाऱ्याशी ताडून बघा. निबंध लिहा म्हटल्यावर कोऱ्या कागदाकडे बघणाऱ्या मुलासाठी हे किती कामाचं आहे ते तिथल्या तिथे कळतं.

क्वाड्रिव्हियमचं सत्र असेल तर एकतारीसारखं साधं वाद्य, मोनोकॉर्ड, समोर येईल. साठ सेंटिमीटरची तार असेल तर घोडी तीसवर सरकवली की वरच्या सप्तकाचा तोच स्वर. चाळीस सेंटिमीटर तार वाजू दिली की पंचम, पंचेचाळीसला मध्यम. दोनास एक, तीनास दोन, चारास तीन. संगीत गणिताच्या रांगेत का, याचं उत्तर कानाला मिळतं. खगोलाच्या सत्रात काठीच्या सावलीच्या टोकावर दिवसभर खुणा करत बसवतात. ऊन असेल तर टोपी न्या.

स्वतः चर्चा चालवताना

ही संधी टाळू नका. बहुतेक जण "आधी बघतो, मग करतो" म्हणत शेवटच्या दिवसापर्यंत ढकलतात आणि मग वेळ संपते. वीस मिनिटांचं सत्र मागून घ्या, तेही पहिल्या अर्ध्यातच, म्हणजे चुका सुधारून पुन्हा करता येईल.

एका सहकाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बाहेर बसवा. त्याने गोल काढून भोवती सगळ्यांची नावं लिहायची आणि कोण कोणाला उद्देशून बोललं त्याच्या रेघा ओढत जायचं. शेवटी कागद बघा. सगळ्या रेघा तुमच्याकडून निघून तुमच्याकडेच येत असतील तर तुम्ही चर्चा घेतली नाही, तोंडी परीक्षा घेतली. रेघा टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेल्या असतील तर काहीतरी जमलं. त्याच कागदावर तुम्ही विचारलेला प्रत्येक प्रश्न शब्दशः लिहून घ्यायला सांगा. आपण किती प्रश्नांच्या शेवटी उत्तर चिकटवून टाकतो ("...म्हणजे तो घाबरला होता, नाही का?") हे लेखी वाचल्याशिवाय पटत नाही.

प्रतिक्रिया घेताना "छान झालं"वर समाधान मानू नका. कोणत्या क्षणी चर्चा जिवंत झाली, कोणत्या क्षणी मी मधे पडायला नको होतं, हे दोनच विचारा.

पुस्तकांच्या यादीबद्दल

ग्रीक, रोमन आणि युरोपीय पुरुषांच्याच ग्रंथांवर सगळं का, हा प्रश्न कोणत्याही कार्यशाळेत उठतो आणि उठायलाच हवा. काही ठिकाणी त्याला नाकं मुरडतात. ते लक्षण चांगलं नाही, कारण प्रश्न विचारायला शिकवणाऱ्यांनाच प्रश्न नको असेल तर कठीण आहे. उलट बाजूने, ही विद्या त्या परंपरेत घडली, त्यामुळे तिचे मूळ ग्रंथ तिथलेच असणार, हेही मान्य करावं लागतं. सेंट जॉन्सच्या सँटा फे आवारात पूर्वेकडच्या अभिजात ग्रंथांचा वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तिथे भारतीय, चिनी आणि जपानी ग्रंथ त्याच पद्धतीने वाचतात, सोबत संस्कृत किंवा प्राचीन चिनी शिकतात. म्हणजे पद्धत एका यादीला बांधलेली नाही, हे उघड आहे. आपल्या शाळेची यादी कोण ठरवतं आणि ती बदलता येते का, हे परत गेल्यावर विचारायला हरकत नाही.

परत आल्यावर

उत्साहाच्या भरात सगळा वर्ग उलटापालटा करू नका. बाकं गोलात लावली, मुलांना 'आता चर्चा करा' सांगितलं आणि पंधरा मिनिटांत गोंधळ झाला, की शाळा म्हणते हे आपल्याकडे चालत नाही. पहिल्या पंधरवड्यात एकच गोष्ट घ्या.

मोठ्या वर्गांसाठी: एका पानाचा मजकूर, एक प्रश्न, वीस मिनिटं. वर्गात चाळीस मुलं असतील तर निम्मी आत बसतील, निम्मी बाहेरून रेघांचा कागद भरतील, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मजकूर मुलांनी वर्गातच मोठ्याने वाचायचा; घरून वाचून यायला सांगितलं की न वाचता आलेली मुलं पहिल्या मिनिटालाच चर्चेबाहेर पडतात.

लहान वर्गांसाठी चर्चेचा हट्ट नको. छोटी गोष्ट एकदाच वाचायची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत सांगायची, दुसऱ्याने सुटलेलं भरायचं. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी या पुनर्कथनावर भर दिला होता. त्याआधी कितीतरी, बाराव्या शतकात जॉन ऑफ सॉल्झबरीने लिहून ठेवलंय की शार्त्रचा बर्नार्ड हा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडून आदल्या दिवशी ऐकलेलं रोज म्हणवून घ्यायचा. साधन काही लागत नाही, आणि उद्यापासून सुरू करता येतं.

चर्चेला गुण द्यायचे का, हे मुख्याध्यापक विचारतीलच. किती वेळा बोललं यावर गुण दिले की बडबड विकत घेतल्यासारखं होतं. त्यापेक्षा सत्रानंतर एक परिच्छेद लिहून घ्या: कोणाच्या कोणत्या म्हणण्याने तुझं मत हललं, आणि मजकुरातल्या कोणत्या ओळीमुळे? त्याला गुण द्या. गप्प बसून नीट ऐकणाऱ्या मुलाचंही काम यात दिसतं.

आणि शाळेतल्या चार-पाच शिक्षकांची महिन्यातून एक वाचनबैठक लावून घ्या. एक तास, तीन-चार पानं, एक प्रश्न. गणिताच्या शिक्षकाने कविता घ्यावी, भाषेच्या शिक्षकाने युक्लिड फळ्यावर मांडावा. मुख्याध्यापक आले तर बाकीच्यांसारखंच टेबलाशी बसतील, अध्यक्ष म्हणून नाही, हे पहिल्याच दिवशी गोडीत सांगून टाका. नाहीतर त्या बैठकीची मीटिंग होते आणि लोक हजेरीपुरते येतात. पहिल्या वेळेला मेनोमधला ८२ ते ८६ हा भाग पुरे. कागदावर चौरस प्रत्येकाने आपला आपण काढायचा, आणि कोणाला आठाचं उत्तर लगेच आलं तरी त्याने ते शेवटपर्यंत झाकून ठेवायचं.